अकरावी फ्रेम

वाक्य तसं काहीच नव्हतं. कुणीही कुणालाही म्हणावं असं. स्टुलावर बसलेला तरुण नट मान वर न करता म्हणाला, "आज मी इथेच झोपलो तर चालेल का?" आणि समोर कॅमेऱ्यावर वाकलेला दुसरा नट, जुना नाटकवाला, रंगमंचावर कुणी संवाद विसरला तरी वेळ मारून नेण्यात हयात गेलेला, क्षणभरही न अडखळता म्हणाला, "झोप की. त्यात विचारायचं काय? गादी आहे बघ कोपऱ्यात." तालीम बघणारी चार-सहा माणसं खुदकन हसली. सहायक बाईनं संहितेची पानं पुढेमागे चाळली आणि विचारलं, "सर, हे कुठल्या पानावर आहे? माझ्याकडे नाहीये." सर म्हणजे तो. पंचावन्न वर्षांचा, जन्मभर फोटो काढलेला, आणि लोक नातवंडं खेळवायला लागतात त्या वयात पहिलाच सिनेमा करायला निघालेला. त्याच्या हातात चहाचा कागदी पेला होता. तो त्यानं इतका दाबला की चहा मनगटावरून बाहीत शिरला, आणि चहा कढत आहे हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं. "थांबा," तो म्हणाला. "सगळे बाहेर. दहा मिनिटं."

सगळे गेल्यावर खोलीत तो एकटा उरला. खोली म्हणजे तीन भिंती, चौथी नव्हतीच, आणि छताच्या जागी लोखंडी दांड्यांना टांगलेले दिवे. त्याचीच जुनी खोली, छापखान्याच्या वरच्या मजल्यावरची, सुतारांनी त्याच्या फोटोंवरून प्लायवूडमध्ये उभी केलेली. ओलीचा डाग, खिडकीची तडकलेली काच, खुंटीवरची कातडी पिशवी, सगळं जागच्या जागी. पहिल्या दिवशी हे बघून त्याला लहान मुलासारखा आनंद झाला होता, एकेका सुताराची पाठ थोपटत फिरला होता. आज त्या भिंतींकडे बघायचा त्याला धीर होईना. भिंतींना कान असतात म्हणतात, पण या भिंती जेमतेम तीन आठवड्यांच्या. त्यांनी कुठून ऐकलं असेल? कारण ते वाक्य त्या नटाचं नव्हतंच. पंचवीस वर्षांपूर्वी, खऱ्या खोलीत, खऱ्या स्टुलावर बसून, याच शब्दांत, याच क्रमानं ते म्हटलं गेलं होतं, आणि तेव्हा खोलीत दोनच माणसं होती. त्यातला एक त्याच रात्री मेला. दुसरा म्हणजे हा. यानं ते बायकोला सांगितलं नव्हतं, ती होती तोवर. डॉक्टरला सांगितलं नव्हतं, झोपेच्या गोळ्या मागायला गेला होता तेव्हा. कुठल्या वहीत लिहिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग आज ती मूठ उघडली कुणी? झोपेत आपण बोलतो का? तो खाली बसला, आणि बसल्यावर लक्षात आलं की आपण त्याच स्टुलावर बसलोय. तो चटका बसल्यासारखा उठला.

मेला तो गायक. त्याचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. सगळे त्याला भोंगा म्हणत. पाळण्यात असताना रडायला लागला की तीन घरं पलीकडे ऐकू जायचं म्हणून मोठ्या बहिणीनं ठेवलेलं नाव, पुढे तेच तबकड्यांवर छापलं गेलं. चपलांच्या एका गोदामाच्या तळघरात चार पोरं वाद्यं बडवायची, आणि या भोंग्यानं तोंड उघडलं की बडवणं थांबल्यासारखं वाटायचं, असा त्याचा आवाज होता. फाटका, खरवडलेला, पण अगदी कानाशी येऊन बोलणारा. दोन वर्षांत दोन तबकड्या, दोन्ही गाजल्या. लोकांना वाटायचं, हा काय वाघ आहे. स्टेजवर जाण्याआधी हा वाघ बादलीत ओकायचा आणि बहिणीचा जुना मफलर हातात घट्ट धरून बसायचा, हे मोजक्यांनाच माहीत. सव्विसाव्या वर्षी गेला. सकाळी घरमालकिणीनं दार ठोठावलं, मग माणसं बोलावली, मग दार फोडलं. आणि त्यानंतर जगाला तो उरला तो एका फोटोपुरता. स्टुलावर बसलेला, हात गुडघ्यांमध्ये, नजर भिंगाच्या किंचित डावीकडे, ओठ नुकतेच मिटलेले. रोलमधली अकरावी फ्रेम. सदऱ्यांवर आली, कपांवर आली, कॉलेजच्या पोरांच्या खोल्यांमध्ये चिकटली. जाणकारांनी लिहिलं, मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घालून बघणारा कलावंत. कुणी त्या चेहऱ्याला शांत म्हटलं, कुणी बंडखोर. फोटो काढणाऱ्याला तो चेहरा कशाचा हे पक्कं माहीत होतं. प्रदर्शनात त्या फोटोशेजारी त्याला उभं करत तेव्हा तो फोटोकडे पाठ करून उभा राही. लोक म्हणत, बघा, किती हळवा माणूस.

त्याला त्या काळी सगळे मुक्या म्हणत, आणि तेही नाव भोंग्यानंच ठेवलेलं. कारण फोटो काढताना हा बोलायचा नाही. इतर फोटोवाले 'जरा हसा', 'मान इकडे', 'वा वा' करत नाचायचे. हा कॅमेऱ्यामागे वाकून गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं. समोरचा आधी अवघडतो, मग थोडं नाटक करतो, मग नाटक संपतं आणि काय करावं हे त्याला कळेनासं होतं. त्या वेळी बटण दाबायचं. एवढीच याची विद्या. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात, पण याचे गहू न बोलताच खपले, आणि चांगले खपले. गप्प बसणं ही आपली कला आहे असं त्यानं किती तरुणांना शिकवलं असेल. ते भित्रेपणही असू शकतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याला माणसांची भीती वाटायची, त्यांनी काही मागितलं तर आपण काय द्यायचं याची भीती. कॅमेरा मध्ये असला की कुणी काही मागत नाही. भोंग्यानं मागितलं.

ती दुपार त्याला इतक्या वेळा आठवली होती की आता तिच्या कडा झिजल्या असतील असं वाटायचं, पण आज त्या प्लायवूडच्या खोलीत ती धारदार होऊन पुन्हा समोर आली. थंडीचे दिवस, चार वाजत आलेले, उजेड खिडकीतून येतोय तेवढाच, तोही पाय काढता घेणारा. खाली छपाईचं यंत्र धडधडतंय आणि त्याच्याबरोबर वरची जमीन, स्टूल, टेबलावरच्या पेल्यातलं पाणी, सगळं थरथरतंय. एवढ्या कमी उजेडात कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, अर्धा सेकंद उघडा ठेवावा लागायचा, आणि अर्ध्या सेकंदात यंत्र चालू असलं तर फोटो पुसट. म्हणून तो आणि त्याच्या खोलीत येणारे सगळे यंत्र थांबायची वाट बघत. खालचा छपाईवाला कागद भरायला किंवा शाई घालायला यंत्र बंद करायचा, मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात जे मिळेल ते. बाराचा रोल. दहा झाले होते. दोघंही वाट बघत होते. भोंगा नेहमीसारखी बडबड करत नव्हता. गुडघ्यांमध्ये हात घालून खाली बघत बसला होता. मग यंत्र थांबलं. एकदम इतकी शांतता झाली की कान दुखले. आणि त्या शांततेत, मान वर न करता, तो म्हणाला, "आज मी इथेच झोपलो तर चालेल का?" आणि मग मान वर केली. कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे झालेला, तो चेहरा आला. सगळी कातडी काढून ठेवल्यासारखा. असा चेहरा फोटोवाल्याला आयुष्यात एकदा मिळतो, काहींना तोही नाही. खाली कागद भरला जात होता. उजेड जात होता. आणि मुक्या, जो कधी बोलायचा नाही, तो बोलला.

"हलू नकोस," तो म्हणाला.

आणि भोंगा हलला नाही. तसा तो शब्दाबाहेरचा नव्हताच कधी. अर्धा सेकंद पडदा उघडा राहिला, खट् झालं, आणि लगेच खाली यंत्र सुरू झालं. बारावी फ्रेम अशीच गेली, हललेली. भोंगा उठला, कोट घातला, "बरं," म्हणाला आणि जिना उतरला. मुक्यानं वाक्य ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. स्वच्छ ऐकलं होतं. आधी हे होऊ दे, मग उत्तर देऊ, असंही मनात आलं होतं. मग यंत्र सुरू झालं, आणि रोल गुंडाळता गुंडाळता तो शीळ घालायला लागला. त्याला आनंद झाला होता. हेच तर कुणाला सांगता येत नव्हतं. मित्राला नाही म्हणालो, हे एक वेळ सांगता आलं असतं. माणसं चुकतात, लोक समजून घेतात. पण मित्र जिना उतरत होता आणि आपल्याला उकळ्या फुटत होत्या, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी त्या फोडलेल्या दाराबाहेर एक वार्ताहर उभा होता. त्यानं विचारलं, शेवटचं काय बोलणं झालं? आणि याच्या तोंडून आपसूक निघालं, "मी त्याला म्हटलं, जपून जा." एवढंच. त्यानं ठरवलेलं नव्हतं, खरंच नव्हतं. पण एकदा तोंडातून सुटलेलं वाक्य छापून आलं, मग मासिकांत, मग पुस्तकात, मग प्रदर्शनात फोटोखालच्या पाटीवर. पंचवीस वर्षं ते तो इतक्या वेळा म्हणाला की मधूनमधून त्याला खरंच आठवायचं, जिन्याच्या तोंडाशी आपण उभे आहोत, खाली वळून बघणारा भोंगा, आणि आपण म्हणतोय, जपून जा रे. निर्मात्यानं तर संहिता वाचायच्या आधीच सिनेमाचं नाव ठेवून टाकलं. 'जपून जा'. भिंतीवर ही मोठी अक्षरं लागली. आज संध्याकाळच्या आत तोच प्रसंग घ्यायचा होता, सिनेमातला शेवटचा. नाटकवाला मुक्याच्या भूमिकेत होता आणि कॅमेऱ्यावरून मान काढून म्हणणार होता, जपून जा रे. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि सकाळी साडेअकराला हे.

त्याच्या मनात सगळ्यात जास्त काय रुतलं होतं, तर नाटकवाल्याचं उत्तर. झोप की. गादी आहे बघ कोपऱ्यात. कोपऱ्यात गादी खरोखर होती. तेव्हाही होती, आताही सुतारांनी फोटोत दिसली म्हणून आणून ठेवली होती. कुणीही हेच म्हणालं असतं. विचार करायला एक क्षणही लागला नव्हता त्या माणसाला, आणि तो काही संत नव्हता, जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याच्या डब्यातलं उचलणारा माणूस. तीन शब्दही लागत नाहीत. तो बाहेरच्या लांबलचक बोळातून स्वच्छतागृहाकडे गेला, तोंडावर पाणी मारलं, आरशात बघायचं टाळलं आणि परत फिरला. बोळात दिवे लावणारी माणसं बाजूला होऊन वाट देत होती आणि प्रत्येकाच्या नजरेत त्याला काहीतरी दिसत होतं. याला माहीत आहे. यालाही माहीत आहे. चोराच्या मनात चांदणं. ताप आलाय म्हणावं, चित्रीकरण उद्यावर ढकलावं, उद्या ते वाक्य म्हणायची सक्त मनाई करावी, असं सगळं एकापाठोपाठ एक सुचत होतं. पण त्याआधी एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती कळण्याचीच त्याला भीती वाटत होती.

तरुण नट रंगभूषेच्या खोलीत एकटाच होता. भूमिकेसाठी त्यानं वजन उतरवलं होतं, गालाची हाडं वर आली होती, आणि आज केस भोंग्यासारखे कापून रंगवले होते. दारातून त्याची नुसती मान दिसली तेव्हा हा उंबऱ्यावरच थबकला. मग आत गेला.

"ते वाक्य कुठून आणलंस?"

नट उठून उभा राहिला. "सॉरी सर. आधी विचारायला हवं होतं."

"कुठून आणलंस?"

"ताईंनी सांगितलं."

ताई म्हणजे भोंग्याची बहीण. सिनेमाला तिची परवानगी होती, आणि नट दर रविवारी तिच्याकडे जाऊन बसायचा, भाऊ कसा चालायचा, कसा चिडायचा, कप कसा धरायचा, ते शिकायला. यानंच पाठवलं होतं त्याला. आपणच आपल्या पायावर धोंडा.

"काय म्हणाल्या त्या? नीट सांग. जसंच्या तसं."

"म्हणाल्या, शेवटच्या दिवशी तो असं म्हणाला होता. तालमीत एकदा म्हणून बघ. बघू सर काय करतात."

"आणि पुढे?"

"पुढचं मी विचारलं, तर म्हणाल्या, पुढचं त्यालाच ठाऊक, तो सांगेल." हा मुलगा फार सभ्य होता; सेटवर सगळ्यांना अहो-जाहो करायचा. "सर, तुम्ही सांगायलाच पाहिजे असं नाही. पण माझी एक अडचण आहे. त्या फोटोतला चेहरा मला येत नाहीये. मी घरी शंभर वेळा तरी करून बघितलाय. कुणी 'जपून जा' म्हटल्यावर माणसाचा असा चेहरा होत नाही. बरा होतो. थोडा तरी बरा होतो. हा... हा दुसरंच काहीतरी ऐकलेला माणूस आहे." आणि मग अगदी साधेपणानं त्यानं विचारलं, "तुम्ही काय म्हणाला होतात?"

मुक्या गप्प बसला. ती त्याची कला होती. पण या वेळी समोरचा अवघडला नाही, नाटक केलं नाही. नुसता बघत राहिला, आणि उघडा पडत होता तो हा. शेवटी नटच म्हणाला, "ताई आज येणार आहेत, सर. तीन वाजता. त्यांना ती खोली बघायचीये."

तीन वाजेपर्यंतचा वेळ त्यानं कसा काढला हे त्यालाच ठाऊक. जेवणाचं ताट समोर आलं तसं परत गेलं. त्याला ताई आठवत राहिली. भूगोल शिकवायची शाळेत, बाहीला कायम खडूची पूड. आई गेल्यावर भोंग्याला तिनंच वाढवलं. चार वाद्यवाले आणि एक फोटोवाला अशी पाच धटिंगणं तिच्या टेबलावर जेवायची, आणि निघताना ती एकेकाचा कोट चाचपून बघायची, आत स्वेटर आहे ना. भोंगा गेल्यावर हा तिच्याकडे गेला तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, "जेवला होता का रे तो?" आणि हा म्हणाला होता, हो. त्याला माहीत नव्हतं. पहिल्या खोट्याची शाई वाळायच्या आत दुसरं. दर वर्षी तो तिला भोंग्याच्या वाढदिवसाला एक फोटो पाठवायचा, ती पोच म्हणून दोन ओळींचं कार्ड पाठवायची. अकरावी फ्रेम मात्र तिनं कधी भिंतीवर लावली नाही. भिंतीवर होता तो रस्त्यावरच्या कुठल्याशा फोटोवाल्यानं काढलेला नऊ वर्षांचा भोंगा, सायकलवर, अर्धा कापलेला, रद्दी फोटो. याला त्या गोष्टीचा राग यायचा. एवढा आपला फोटो, सगळं जग मिरवतं, आणि हिला कदर नाही. आता कळत होतं. तिला तो चेहरा वाचता येत होता. पंचवीस वर्षं तिनं तो वाचला होता आणि याच्याच हातचा चहा घेत याच्याशी गप्पा मारल्या होत्या. ती त्याला काय म्हणेल? शाळामास्तरीण आहे, सगळ्यांसमोर बोलेल का? त्याहून वाईट म्हणजे, काही न बोलता उठून जाईल का? त्याला सिनेमा बुडेल याची भीती वाटत नव्हती, म्हणजे वाटत होती, पण ती वरवरची. खरी भीती ही होती की या जगात ज्या एका माणसाला आपण अजून चांगले वाटतो असं त्याला वाटत होतं, ते माणूस आज ते परत घेईल. आणि त्याहून खोल, अगदी तळाशी, आणखी एक भीती होती: की तिनं विचारलं तर आपण पुन्हा 'जपून जा' म्हणू. तोंडाला सवय झाली होती.

ती आली ती तीनला पाच कमी असताना. केस पांढरे झालेले, हातात मोठी पर्स, गुडघ्याला पट्टा. सेटवरच्या वायरी ओलांडताना तिनं त्याचा दंड धरला. त्यानं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. तिनं तीन भिंतींकडे बघितलं, खिडकीची तडकलेली काच बोटानं चाचपली.

"एवढीशीच होती खोली?" ती म्हणाली. "तो तर सांगायचा, मुक्याचा महाल आहे म्हणून."

"ताई, बस ना."

ती स्टुलावर बसायला निघाली तसा तो घाईनं म्हणाला, "तिथे नको," आणि खुर्ची ओढून आणली. स्वतः उभाच राहिला. खाली कुठलंही यंत्र नव्हतं, जमीन मुळीच थरथरत नव्हती, तरी त्याला आधाराला भिंत धरावीशी वाटली, आणि भिंत प्लायवूडची आहे हे आठवून त्यानं हात मागे घेतला. जे काही सुचलं होतं, ताप, मनाई, उद्या, ते सगळं एका क्षणात गळून गेलं. आता बोललो नाही तर पुन्हा कधीच नाही, एवढंच उरलं.

"ताई, मी 'जपून जा' म्हणालो नव्हतो."

"माहीत आहे."

"तो म्हणाला इथे झोपू का, आणि मी..." शाळेत फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखा तो उभा होता, पंचावन्न वर्षांचा. "यंत्र थांबलं होतं गं. उजेड जात होता. मी म्हणालो, हलू नकोस. आणि तो गेल्यावर मी शीळ घातली. मला आनंद झाला होता, ताई. फोटो चांगला आला होता."

तिनं मान हलवली. रागानं नाही, मुलानं उत्तर बरोबर दिलं की हलवतात तशी. "शिळेचं माहीत नव्हतं," ती म्हणाली. "'हलू नकोस' माहीत होतं. त्यानं सांगितलं मला. फोनवर. कोपऱ्यावरच्या दुकानातून केला होता त्यानं. हसत होता. म्हणाला, ताई, मी मुक्याला विचारलं झोपू का, तर म्हणतो कसा, हलू नकोस. मग मी नाही हललो."

पंचवीस वर्षं तो ज्याला भ्याला ते असं सरळ समोर येऊन खुर्चीत बसलं होतं आणि पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत होतं. त्याला हसू आलं की रडू, ते कळलं नाही. भोंगा हसत होता. हसत सांगत होता.

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं? मला तोंडावर खोटारडा म्हणायचंस."

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते." तिनं चष्मा काढून हातात धरला. "दर मुलाखत वाचायचे तुझी. वाटायचं, या वेळी बोलेल. एकदा तू बोललास की मलाही बोलता येईल. पहिल्यानं बोलायचा धीर माझ्यात नव्हता रे. आणि तू आपला दर वेळी, जपून जा, जपून जा. आधी राग यायचा. मग कुठे वाटायला लागलं, हा सुटला. याला निदान खोटं बोलायला कुणीतरी विचारलं. मला कुणी विचारलंच नाही."

"तुला काय बोलायचंय, ताई?"

सकाळपासून तो स्वतःसाठी घाबरला होता. आता तिच्यासाठी घाबरला, आणि ही भीती जास्त वाईट होती, कारण तिच्यापुढे धरायला कॅमेरा नव्हता.

"आधी तुझं नीट कर," ती म्हणाली. "मग माझं घाल. दोन्ही येऊ देत सिनेमात. तुझं एकट्याचं आलं तर लोक तुलाच शिव्या घालतील."

सहायक बाईची संहिता टेबलावर पडली होती, पेन्सिलीसकट. त्यानं शेवटचं पान काढलं. 'जपून जा रे' वर आडवी रेघ मारली, इतकी दाबून की कागद फाटला, आणि बाजूला लिहिलं, 'हलू नकोस'. बाहेर भिंतीवर लागलेली सिनेमाच्या नावाची मोठी अक्षरं त्याच्या डोळ्यासमोर येऊन गेली. निर्माता फाडून खाईल. खाऊ दे. मग त्यानं पान उलटं केलं.

"सांग."

"तुझं सांगून झाल्यावर जरा थांबला. मग म्हणाला, 'तुझ्याकडे येऊ का गं?'" ती वर्गात उतारा सांगतात तशी सावकाश सांगत होती, तो लिहीपर्यंत थांबत. "लिहिलंस? आता माझं. 'उद्या ये. आज पाहुणे आलेत.'"

त्यानं लिहिलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि आता तो दिग्दर्शक होता, हा प्रसंग त्याला उभा करायचा होता म्हणूनही, त्यानं मान वर न करता विचारलं, "पाहुणे कोण कोण होते, ताई? म्हणजे तुझ्या मागे खोलीत माणसं दाखवावी लागतील. किती ठेवू?"

मग त्यानं वर पाहिलं. ती चष्म्याची काच बोटानं पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

"कुणी नको ठेवूस," ती म्हणाली. "कुणी आलंच नव्हतं रे. मी नुकती न्हायले होते. केस वाळवत बसले होते."